म्हैस आटेपर्यंत

पत्नीच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. तिच्या हाताशिवाय दोघीही पान्हा सोडत नसत. मी कडेगावजवळच्या शाळेत शिक्षक. तिने काढलेले दूध डेअरीत घालून शाळेला जाणारा. मनगटात नस दबली आहे, शस्त्रक्रियेने ती मोकळी करावी लागेल, असे गावातल्या डॉक्टरांनी सांगितले होते. मी म्हणालो, म्हैस आटली की करू. त्यात मला काही वावगे वाटले नाही. आमच्या घरी परगावचे जाणेही तसेच ठरत असे. पण एक आटेपर्यंत दुसरी व्यालेली असे, आणि हे मला ठाऊक होते.

दोन वर्षे अशी गेली. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा ती शेजारणीकडून ओवून घेऊ लागली. मग आम्ही सांगलीला गेलो.

सर्जनांनी तिचा अंगठा फिरवून पाहिला. त्याच्या बुडाशी मांस सुकून खड्डा पडला होता.

"नस मोकळी करू आणि त्याच वेळी तिला तासभर सौम्य वीजप्रवाह देऊ. त्याने नस पुन्हा वाढायला मदत होते. हमी मात्र नाही. गुरुजी, मुलगा इतक्या उशिरा वर्गात आला तर काय करता?"

"बाहेर उभा करतो."

"आवं डॉक्टर, उशीर ह्यांनी केला आन् उभं मलाच केलंय बगा," पत्नी म्हणाली. ते दोघे हसले. मीही हसलो, याची आज लाज वाटते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तो तास मी बाहेरच्या बाकावर काढला. माझ्या हातून गेलेली दोन वर्षे त्या विजेच्या यंत्राने परत आणावीत, अशी माझी अपेक्षा होती.

घरी आल्यावर धार काढायला मी बसू लागलो. सात दिवस म्हशीने लाथा झाडल्या. आठव्या दिवशी पान्हा सोडला. केवळ आठ दिवसांचे काम होते ते.

आता चार महिने झाले आहेत. सर्जनांनी सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी ती डोळे मिटते आणि मी तिच्या बोटांच्या टोकांना कापूस लावून पाहतो. अंगठ्याला अलीकडे थोडे कळते. तर्जनीला नाही. काल मी कापूस तर्जनीजवळ नेला आणि थबकलो.

"लागलं," ती म्हणाली. "आता लय चांगलं कळतंय."

कापूस अजून बोटाला टेकला नव्हता.

"बरं," मी म्हणालो आणि मधल्या बोटाकडे वळलो.