चार बोटं दुमड

जावेच्या नातीला परकर शिवायचा म्हणून ट्रंकेतलं उरलेलं निळं कापड काढलं. काम सोपं होतं. कडा जोडायच्या, वर नाडीसाठी नेफा आणि खाली वाढत्या अंगासाठी चार बोटं दुमड. टेप कशाला हवी, म्हणून वितीनंच मापलं.

पोरीनं घातला तर परकर पोटरीवरच थांबला.

"आजी, कुणाच्या मापाचा शिवलास गं?"

माझ्या सुमीच्या. तिच्याच परकराचं हे उरलेलं कापड. ती सहाव्या वर्षी तापात गेली, हे मी कधीच मान्य केलंय. बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"चुकलंच बाई," म्हटलं आणि दुमड उसवून दिली. ट्रंकेत सुमीचा परकर आहे. त्याची दुमड अजून तशीच आहे.