नवरात्रातली किल्ली

तुळजापुरात भाडेकरू म्हणून राहायचं तर एक जास्तीचं काम अंगावर येतं. नवरात्र आलं की आपलं घर रिकामं करून द्यायचं. सगळ्या गावात हा रिवाज आहे असं मी म्हणत नाही, पण देवळाच्या वरच्या अंगाला आमच्या गल्लीत होता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घरमालकीण दारात येऊन हात पुढे करायची, आपण तिच्या हातावर किल्ली ठेवायची, आणि कोजागरी होईपर्यंत आपल्या खोल्यांत यात्रेकरू राहायचे. अकरा वर्षं मी अशी किल्ली दिली.

नवऱ्याची बदली इथल्या एसटी डेपोत झाली तेव्हा या दोन खोल्या बघायला आलो होतो. मालकीणबाईंनी भाडं सांगितलं, नवरात्राची अट सांगितली, मी हो म्हटलं आणि त्यांनी चहा टाकला. कागदाचं नाव कुणी काढलं नाही. मी शाळेत मराठी शिकवते. पोरांच्या निबंधात एक स्वल्पविराम राहिला तर लाल पेन काढते. पण डोक्यावरच्या छपराबद्दल दोन ओळी लिहून घ्याव्यात हे शहाणपण मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नाही.

मालकीणबाईंना सगळी गल्ली अव्वा म्हणते. माहेर कलबुर्गीकडचं, सासर इथल्या लिंगायत व्यापाऱ्याचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता मुलगा पुण्यात. अंगणाच्या एका बाजूला त्यांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला आमच्या, आणि मधे एक नळ. त्या नळावरून आमचं आठवड्याला एक भांडण ठरलेलं असायचं. भांडण झालं की तासाभरात त्यांच्याकडून शेंगाच्या चटणीची वाटी यायची, म्हणजे चूक त्यांची होती असं समजायचं. वाटी आली नाही तर चूक माझी.

संध्याकाळी त्या कानडी मालिका मोठ्या आवाजात लावायच्या आणि गोष्ट मला मराठीत सांगायच्या. त्यांच्या सांगण्यात सून कायम कजाग आणि सासू गरीब गाय. एकदा एका यात्रेकरू बाईनं सांगितलं की अहो, त्या मालिकेत विष तर सासूच घालते. मी अव्वांना जाब विचारला. म्हणाल्या, "तुला काय वळण लागावं का न्हाय?"

त्यांच्या माहेरगावचं एकच कुटुंब दर नवरात्राला आमच्या खोल्यांत उतरायचं. दहा-बारा माणसं. आमचं सामान एका भिंतीला लावून त्यावर चादर टाकायची आणि नवरा, मुलगी आणि मी अव्वांच्या मागच्या खोलीत गाद्या घालून राहायचो. मी दर वर्षी कुरकुर करायची. माझ्या स्वयंपाकघरात कोण कुठला डबा कुठं ठेवेल याची मला धास्ती. ती मंडळी जाताना माझ्या डब्यात तुरीची डाळ भरून ठेवून जायची, आणि ते गेल्यावर दोन दिवस घर उगाच मोठं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी पितृपक्ष लागला आणि अव्वांच्या मुलाचा मोबाइलवर निरोप आला. यंदा नवरात्रात खोल्या देताना सामानही पूर्ण काढा, नंतर तिथं लॉजचं बांधकाम सुरू करायचं आहे, तुम्ही दुसरीकडे बघून घ्या. खाली एक ओळ होती: आईशी बोलणं झालं आहे.

बाकीचं वाचून मला राग आला. ती शेवटची ओळ वाचून मात्र मी रडले. माझा नवरा शांत माणूस. म्हणाला, दुसरी खोली बघू. पण नवरात्र तोंडावर असताना या गावात खोली मागायची म्हणजे लग्नघरी जाऊन मांडव मागण्यासारखं. ज्याच्या त्याच्या खोल्या यात्रेकरूंसाठी धरून ठेवलेल्या. चार ठिकाणी विचारलं, चारी ठिकाणी हसले. मुलीची शाळा, माझी शाळा, सहामाही परीक्षा, आणि पंधरा दिवसांत बिऱ्हाड उचलायचं.

मी अव्वांशी बोलणं बंद केलं. गंमत म्हणजे त्यांनीही माझ्याशी बंद केलं. नळावर त्या आल्या की मी कळशी उचलून आत, मी गेले की त्यांचं दार बंद. आठवडाभर भांडण नाही आणि वाटीही नाही. मी मनात म्हटलं, बोलायला तोंड राहिलंय कुठं यांना.

शाळेतल्या एका सहकारी बाईंचा भाऊ इथल्या कोर्टात वकिली करतो. मी त्याच्याकडे पिशवी घेऊन गेले. गॅसचं पुस्तक, आधार कार्डं, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, याच पत्त्यावर आलेली पाकिटं. त्यानं एकेक कागद बघून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "करार लिहिलेला नाही म्हणून तुम्ही भाडेकरू नाही असं होत नाही, ताई. करार लिहून नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकाची. त्यांनी ते केलं नाही ही तुमची चूक नव्हे. तुम्हाला काढायचं तर त्यांना कोर्टात जावं लागेल, कारण दाखवावं लागेल, हुकूम आणावा लागेल. तोवर कुणी कुलूप घालू शकत नाही, लाइट-पाणी तोडू शकत नाही. तसं केलं तर लगेच पोलिसांत लेखी अर्ज द्या आणि माझ्याकडे या."

मला धीर आला. मग मी नवरात्राचा रिवाज सांगितला, तर त्यानं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही स्वतःच्या हातानं किल्ली देता? दर वर्षी? यंदा ती द्यायची नाही. सामान काढून किल्ली दिलीत, की बाई राजीखुशीनं घर सोडून गेल्या असं ते म्हणतील. मग ते खोटं आहे हे दाखवता दाखवता तुमचे केस पिकतील. घर कुणाच्या नावावर आहे?"

"अव्वांच्या."

"मग त्यांच्याशी बोललात?"

मी म्हटलं, बोलायचं काय, मुलानं लिहिलंय ना. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या पोराकडे मी जशी बघते तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी मी रजा टाकली. किल्ली पदराला गाठ मारून बांधली आणि बोलायची वाक्यं पाठ केली. तीन वाक्यं होती, तिन्ही कायद्याची, एकही प्रेमाची नाही. मला टायफॉइड झाला होता तेव्हा याच बाईनं तीन आठवडे मला ज्वारीची आंबील पाजली होती, आणि रजेवरून कुरकुरणाऱ्या आमच्या हेडमास्तरांना शाळेत जाऊन झापलं होतं. माझा त्यांच्यावर जीव होता. म्हणूनच राग इतका होता.

अव्वा आल्या. हात पुढे केला नाही. पायरीवर बसल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "नवीन घर कुठं बघितलंस? नळ हाय का घरात?"

"कुठलं नवीन घर?"

"मला कशाला येडं करतीस? तूच पोराला म्हणालीस न्हवं, आमी सोडून चाललो म्हणून. त्यानंच सांगितलं मला. इतकी वर्षं झाली, तोंडानं सांगायला काय झालं हुतं तुला?"

माझी तिन्ही वाक्यं जागीच विरली. मी मोबाइल आणला आणि मुलाचा निरोप वाचून दाखवला. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग बराच वेळ त्या पायरीवरची माती बोटानं उकरत बसल्या.

"त्याला मला पुण्याला न्ह्यायचंय," त्या म्हणाल्या. "लई दिस झालं मागं लागलाय. म्या म्हणायची, इथं बाई हाय, पोरगी हाय, मी एकटी कुठं हाय? आता कळलं. तुला काढल्याबिगर मला काढता येत न्हाय त्याला."

मी त्यांना वकिलानं सांगितलेलं सगळं सांगितलं. किल्लीचंही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग यंदा देऊ नको. आन् हे बघ, म्या मागितली तरी देऊ नको. त्यो येईल, म्होरं उभा ऱ्हाईल, मला मागायला लावंल. मी आई हाय. मी मागीन बी."

कलबुर्गीची मंडळी त्या दिवशी संध्याकाळी उतरली. मी पहिल्यांदाच त्यांना दारात उभी राहून या म्हटलं. बाहेरची खोली त्यांना, आतली आम्हाला, आणि उरलेले अव्वांकडे. माझ्या ओट्यावर त्यांची कढई, माझ्या कढईत त्यांचं वरण. एरवी मी चिडले असते. तेव्हा मात्र घरात जितकी माणसं तितकं बरं वाटत होतं.

तिसऱ्या माळेला मुलगा आला, नवीन कुलूप घेऊन. तो काही दुष्ट माणूस नाही. माझ्या मुलीला दर वेळी खाऊ आणायचा. आईची काळजी त्याला खरीच होती, फक्त ती मिटवायची वाट त्यानं माझ्या घरातून काढली होती. त्यानं मला सामान का काढलं नाही विचारलं. मी म्हटलं, "काढायचं असेल तर कोर्टाचा हुकूम आणा." तो आईकडे वळला. "आई, घर तुझं आहे. तू माग किल्ली."

अव्वा अंगणात नळापाशी उभ्या होत्या. यात्रेकरू बाया भाकरी थापायच्या थांबल्या. अव्वा म्हणाल्या, "कशाला रं?" तो म्हणाला, "माग म्हणतो ना. मी तुझा कुणी आहे की नाही?" त्याचा आवाज फुटला होता. तो रडायच्या बेतात होता, आणि तसं बघितलं की कुठलीही आई विरघळते.

अव्वा माझ्या दारापर्यंत आल्या. त्यांनी हात पुढे केला. "दे गं पोरी किल्ली," म्हणाल्या.

अकरा वर्षांची सवय. माझा हात पदराच्या गाठीपाशी गेलासुद्धा. मला त्यांचं बोलणं आठवत होतं, पण समोर उभी असलेली बाई खरंच मागत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती मनापासून मागतेय की नाही हे मला कळेना. मग मी माझा हात मागे घेतला आणि म्हटलं, "नाही अव्वा. मिळणार नाही."

त्यांनी एकदम श्वास सोडला. पोराकडे वळून म्हणाल्या, "बघ बाबा, देत न्हाय ती."

त्यानं आमच्या दोघींकडे बघितलं. त्याला कळलं असावं. नैवेद्याचं ताट वाढलं होतं, ते न घेता तो गेला, आणि दिवाळीलाही आला नाही. आपण जिंकलो असं मला एकदाही वाटलं नाही. पाडव्याला अव्वा पुरणपोळ्या करून फोनपाशी बसून होत्या. मीही जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

दिवाळीनंतर त्याच म्हणाल्या, वकिलाकडून कागद करून घे. मी टाळाटाळ केली, कारण आता मला त्याची घाई उरली नव्हती. त्यांनी नळावर भांडण काढून मला कबूल करायला लावलं. आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. बाकावर बसून वकिलानं करार वाचून दाखवला. मुदत पाच वर्षं, पुढे दोघींच्या संमतीनं. एक कलम वाचताना तो जरा अडखळला आणि म्हणाला, "म्हणजे, तुमच्या माघारी हे वारसांनाही बंधनकारक राहील."

"माझ्या माघारी म्हंजे मी मेल्यावर न्हवं?" अव्वांनी विचारलं.

मी म्हटलं, "अव्वा, हे कलम काढून टाकू. तुम्ही आहात ना, मला कागद कशाला लागतोय?"

"मी हाय तवर कशालाच लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "पोरगं माझं हाय, मला म्हायती हाय. मी गेली की ते आधी कुलूप घिऊन येतंय. तवा तू कुणाला इचारशील? म्हणून ह्यो कागद. सही कर."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं.

मग अंगठ्याचं यंत्र. माझा अंगठा पहिल्या खेपेला घेतला. अव्वांचा घेईना. जन्मभर भाकऱ्या थापून, भांडी घासून त्यांच्या बोटावरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. कारकून म्हणाला, पुसून परत लावा. त्यांनी पदरानं पुसून लावला, तरी यंत्र ओळखेना. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, तू जरा दाब की जोरानं. माझ्यात बळ न्हाय."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी त्यांचा अंगठा धरला आणि दोन्ही हातांनी काचेवर दाबून ठेवला, यंत्र हो म्हणेपर्यंत.