नववी अट

कोल्हापुरात आम्ही भाड्यानं राहिलो त्या वर्षांत मी एक वेळ सण विसरले असेन, पण कराराची तारीख कधी विसरले नाही. अकरा महिने. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा घरमालकांच्या पोटात एकच गोळा असायचा, की भाडेकरू वर्षभर राहिला म्हणजे चिकटला, मग बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. म्हणून करार अकरा महिन्यांचा. आमचे मालक तर सगळ्यांच्या वरचढ. ते दर अकरा महिन्यांनी आम्हाला घर खरोखरच रिकामं करायला लावायचे.

म्हणजे असं, की रविवारी सकाळी सगळं सामान अंगणात काढायचं. कॉट, गॅस, पिंप, भांड्यांचं रॅक, झाडून सगळं. मोकळ्या दोन खोल्या झाडायच्या, कुलूप घालायचं, किल्ली मालकांच्या हातात द्यायची आणि 'जागेचा ताबा आज राजीखुशीनं परत दिला' अशा कागदावर सही करायची. मग मालक आत जाऊन जेवायचे, एक झोप काढायचे आणि चारच्या सुमाराला नव्या कराराचा स्टँपपेपर घेऊन बाहेर यायचे. सह्या झाल्या की किल्ली परत. तोवर आम्ही नवरा-बायको आमच्याच सामानावर बसलेले. गल्लीतनं जाणारं कोणीतरी हमखास विचारायचं, "काय वैनी, घर सोडलं व्हय?" मी म्हणायची, "न्हाय ओ, हवा खातोय." माझं डोकं तापलेलं असायचं, पण त्या माणसाची त्यात काय चूक?

एवढं असून घर का सोडलं नाही? सांगते. आम्ही बौद्ध. नवरा शिरोलीला फौंड्रीत, मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून. दोघंही आजऱ्याकडचे. कोल्हापुरात खोली शोधायला लागलो तेव्हा प्रत्येक ठिकाणी आधी चहा यायचा, मग पावणं कुठलं, मग आडनाव काय. आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच कुणीतरी घेतलेली असायची. आठ खोल्या अशा 'कालच' गेल्या. हे एकटे मालक आडनाव ऐकून म्हणाले, "टायमाला भाडं आन टायमाला सही. बाकी मला काय करायचंय?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं बरंच काही गिळलं.

तिसऱ्या वर्षी आईच्या छातीत गाठ निघाली. आई म्हणजे माझी आई, आजऱ्याला काजूच्या कारखान्यात काजू फोडायची. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी पुढं रेडिएशन सांगितलं. आमच्याकडं त्याला 'लाइट देणं' म्हणायचे. पंचवीस वेळा, सोमवार ते शुक्रवार, सलग पाच आठवडे. "मध्ये खंड पडू द्यायचा नाही," असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं. मशीन कोल्हापुरात, आई आजऱ्यात, मध्ये एसटीचे तीन तास. मग आई आमच्याकडं राहायला आली. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

होतं, ते करारात होतं. स्टँपव्हेंडर सगळ्यांना एकाच साच्याचा करार टाइप करून द्यायचा, त्यात आठ अटी. भिंतीला खिळा ठोकणार नाही, पोटभाडेकरू ठेवणार नाही, वगैरे वगैरे. सहावी अट, पाहुण्यांना आठ दिवसांपेक्षा जास्त ठेवणार नाही. दोन वर्षांत मी त्याखाली तीनदा सही केली होती आणि एकदाही वाचली नव्हती. वाचतं कोण?

आईचे दहा लाइट झाले आणि अकरा महिने भरले.

त्या रविवारी आम्ही आईला कॉटसकट अंगणात आणलं. उन्हाळ्याचे दिवस, भिंतीच्या सावलीत कॉट लावली. नवऱ्यानं खोल्या झाडल्या, किल्ली दिली, ताब्याच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. मालकांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. पण ते जेवायला गेले नाहीत. तिथंच पायरीवर उभं राहून म्हणाले, "नवा करार करू की. पर म्हातारीला आज गावाकडं पोचवा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, "काका, तिचे अजून पंधरा लाइट राहिलेत."

"ते मला सांगू नका. पुढल्या म्हयन्यात माझी लेक येणार हाय बाळंतपणाला. असला रोग घरात नको. हवेतनं लागतोय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय? डॉक्टरला विचारा चला माझ्यासंगं. लागत नाही तो."

"लागूदे नाय तर न लागूदे. माझं घर हाय."

"मग किल्ली द्या. नाही करायचा करार. जुन्यावरच राहतो."

ते हसले नाहीत, चिडले नाहीत. खिशावर हात ठेवून म्हणाले, "जुना कुठला? ताबा दिलासा की तुम्ही. आत्ता सही केलीसा."

दोन वर्षं जो कागद आम्ही नुसता रिवाज म्हणून सही करत आलो होतो, तो त्या घडीला खरा झाला. घर आमचं नव्हतं. सामान अंगणात, आजारी आई अंगणात, आणि आमच्या सहीनं आम्ही कोणीच नव्हतो. जगात कोणता शहाणा माणूस नव्या कराराच्या आधी जुना सोडल्याची सही देऊन बसतो? आम्ही बसलो. दरवर्षी बसलो.

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गल्ली गोळा झाली आणि तीच माझी चूक. चार माणसं बघायला लागल्यावर मालक आणखी ताठ झाले. नवरा माझा दंड धरून म्हणत होता, "गप गं, गप, बोलून वाढवू नको." ऊन सरकत होतं, तशी आम्ही आईची कॉट सरकवत होतो. ती पडून सगळं ऐकत होती.

तासभर हे चाललं. शेवटी नवऱ्यानं हात जोडले. खरंच जोडले. फौंड्रीत फोरमनला उलट उत्तर देणारा माणूस तो. ते बघून मला इतकी लाज वाटली, की मी भिंतीकडं तोंड केलं. मालक जरा नरमले. म्हणाले, "पंधरा दिवस देतो. पंधराच. पर लिहून."

नवा करार आत टाइप होऊन तयारच होता. आठव्या अटीखाली थोडी जागा होती, तिथं त्यांनी पेनानं नववी लिहिली. 'सोबत असलेली आजारी वृद्ध स्त्री आजपासून पंधरा दिवसांवर सदर जागेत राहणार नाही.' आम्ही दोघांनी सह्या केल्या. मी हात पुढं केला किल्लीसाठी, तर म्हणाले, "तिची पण पायजे. उद्या ती म्हणंल, मी कुठं लिहून दिलंय?"

शाईचं पॅड आणून त्यांनी आईचा अंगठा धरला आणि करारामागच्या साध्या कागदावर आधी दाबून बघितला. नुसता काळा डाग उठला. पुन्हा दाबला, पुन्हा डाग. काजूच्या टरफलातलं तेल हातांना खातं. वर्षानुवर्षं काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर रेघा उरत नाहीत. मालक म्हणाले, "ह्यो काय अंगठा हाय व्हय?"

आई उठून बसली. पहिल्यांदाच बोलली. "अंगठा कशाला? सही येती मला. आना पेन."

तिला दोनच वर्षांपूर्वी आमच्या विहारात साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला शिकवलं होतं. घरी तिनं वहीच्या वही भरली होती नुसत्या नावानं. पण खऱ्या कागदावर, लोकांसमोर, ही तिची पहिलीच सही. उजवीकडचंच ऑपरेशन, हात पुरता उचलत नव्हता. डाव्या हातानं उजवा कोपर धरून तिनं नाव लिहिलं, आडनावासकट, वर रेघ ओढली, आणि विचारलं, "काय लिवलंय ह्यात?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं." मालकांनी किल्ली दिली.

पुढचे पंधरा दिवस मी मालकांकडं बघितलंसुद्धा नाही. ते मात्र हळूहळू विरघळले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. एकदा शहाळं आणून दिलं. एकदा आईला विचारलं, "कसं काय म्हातारे?" चौदाव्या दिवशी, शनिवारी, दारात येऊन म्हणाले, "आता पाचच राहिलंत न्हवं? राहूदे की हितंच. रागानं बोलून गेलो मी."

मी देवाला न मानणारी बाई, पण त्या क्षणी कुणाच्या तरी पाया पडावं असं वाटलं. आणि आई म्हणाली, "मग ती करारातली वळ खोडा."

"कुठली वळ?"

"म्या सही केली ती."

मालक गडबडले. "स्टँपपेपरवर खाडाखोड चालत न्हाय ओ. करार खराब हुतोय. आन मी तोंडानं सांगतोय की. माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"हाय की. पर सही माझी हाय. तुमी मागं घेतलं तरी माझी सही तितंच ऱ्हाती. उद्या ह्यास्नी घराभायेर काडलंत तर?"

"न्हाय काडणार म्हणतोय न्हवं!"

"मग खोडा."

ते उभे राहिले, डोकं खाजवलं, आणि गेले. मी आईवर ओरडले. म्हटलं, अशा शंभर अटींवर लोक सह्या करतात आणि कोणी पाळत नाही, आम्ही स्वतः दोन वर्षं भिंतीला खिळे ठोकलेत, बघ हे. ती शांतपणे साड्यांच्या घड्या घालत बसली. "तू शिकलीयास, तुला सह्यांची सवय हाय," म्हणाली. "माझी पयलीच हाय." रविवारी दुपारी ती आजऱ्याच्या गाडीत बसली.

शेवटच्या आठवड्यात लाइटनं कातडी भाजलेली असते. तिची छाती काळी पडली होती, सोलली होती. ब्लाऊज अंगाला लावता येत नव्हता, जुन्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळून वर पदर घ्यायची. तशी ती सकाळच्या एसटीनं यायची. मी शाळेतनं अर्धी रजा काढून स्टँडवर जायची, रिक्षानं दवाखान्यात, लाइट, पुन्हा स्टँड. सोमवार. मंगळवार. बुधवारी उतरताना तिचा तोल गेला, कंडक्टरनं धरलं म्हणून वाचली.

गुरुवारी गाडी वाटेत बंद पडली. मी दहापासून स्टँडवर. बारा वाजले, दोन वाजले. येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या पाट्या वाचत होते आणि मालकाला, स्टँपव्हेंडरला, आईला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. चारला ती उतरली. मशीन तीनला बंद व्हायचं. खंड पडला होता. तिच्या ओठांना पापुद्रे आले होते, पदर पाठीला चिकटला होता. बाकावर बसली आणि डोळे मिटून घेतले. पाणी दिलं तर दोन घोट घेतले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. तसं तिनं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, "आज लई दुकतंय गं. तू ऱ्हा म्हनलीस तर ऱ्हाते आजची रात."

ज्या शब्दासाठी मी चार दिवस तिच्याशी भांडले होते, तो आता माझ्या तोंडात होता. नुसतं 'राहा' म्हणायचं. मालक काही बोलले नसते, त्यांनीच तर सांगितलं होतं. पण मला मालकांची ती खिशावर ठेवलेली बोटं दिसली. अंगणातली कॉट दिसली. कपाटात ठेवलेला तो कागद, त्यावर तिची सही, 'अट पाळली नाही' म्हणायला कोणीही मोकळं. आठ खोल्या दिसल्या. आणि मी, कागदाला शिव्या घालणारी, गल्ली गोळा करणारी, मी म्हणाले, "साडेपाचला आजऱ्याची गाडी आहे, आई."

तिनं नुसती मान हलवली. राग नाही, काही नाही.

शुक्रवारी आणि पुढच्या सोमवारी येऊन तिनं पंचवीस पुरे केले. त्यानंतर चार वर्षं जगली आणि त्या गुरुवारचा विषय एकदाही काढला नाही. ती सहीवर अडून बसली म्हणून तिला जावं लागलं, असंच मी नातेवाइकांना सांगत आले, आणि तीही मान डोलवायची. बाहेरच्या कुणी विचारलं तर सगळा दोष मालकाचा. ते सोपं पडतं.

त्या गुरुवारी साडेपाचची गाडी लागली तेव्हा दाराशी ही गर्दी. मी खिडकीतनं माझी पिशवी आत टाकून तिला जागा धरली, आणि तिला मागनं हात देऊन वर चढवलं.