धुरपताबाईंचं विरजण

बब्रुवानभाऊंनी आयुष्यभर ऊस तोलला. ढोकीच्या साखर कारखान्यात, वजनकाट्यावर, बत्तीस वर्षं. गाडी कुणाच्या रानातली हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी पावती फाडली नाही. अशा माणसानं रविवारी मात्र दुसऱ्याचा माल आपल्या नावावर उतरवावा, ही गंमतच म्हणायची.

तेर गावाच्या कडेला पत्र्याचं छोटं चर्च आहे. मंडळी तीस-पस्तीस माणसांची. रणधीर पाळक सोलापूरहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी उपदेश भाऊंच्या गळ्यात. सुरुवातीला भाऊ जुन्या मासिकांतले उपदेश वहीत उतरवून जसेच्या तसे वाचायचे. त्यांत बर्फ असायचा, जहाजं असायची. मंडळी डोळे मिटून ऐकायची आणि पुढच्या बाकावरून घोरणं ऐकू यायचं.

एका शनिवारी भाऊंच्या शेजारच्या धुरपताबाई चर्च झाडत होत्या आणि भाऊ दुसऱ्या दिवशीचा पाठ मोठ्यानं वाचत होते. स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे, असा तो पाठ. आता ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांना पाव फुगवणारं खमीर कसं समजवायचं? भाऊ डोकं खाजवत बसले. धुरपताबाईंना अक्षरओळख नाही. केरसुणी थांबवून त्या म्हणाल्या, "त्यात काय अवघड हाय, भाऊ? आपलं विरजण. चमचाभर घातलं, झाकण ठिवलं, की आपुन गप बसायचं. काम त्येचं त्ये करतंय."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी तेच, थोडी आपली भर घालून, सांगितलं. आणि सुरुवातीला म्हणाले, "काल प्रार्थनेत प्रभूनं मला दाखवलं." त्या दिवशी कुणी घोरलं नाही. बायकांनी तर तोंडाला पदर लावले. बायका गहिवरल्या, असं भाऊंना वाटलं.

मग तोच शिरस्ता पडला. शनिवारी भाऊ पाठ वाचणार, धुरपताबाई झाडता झाडता चार शब्द बोलणार, रविवारी तेच शब्द भाऊंच्या तोंडून येणार. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. अकरा वर्षं हे चाललं. विरजणाचा उपदेश तर लोक मागून ऐकायचे. भाऊंना तो सांगायला धाराशिवला, लातूरला बोलावणी आली. धुरपताबाई मागच्या चटईवर बसून सगळं ऐकायच्या आणि शेवटी "आमेन" म्हणायच्या.

यंदा पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, तुमचे उपदेश छापू या. इतकं आपल्या मातीतलं कोण बोलतं हल्ली?" भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाच्या पावत्या लिहिलेल्या माणसाचं नाव पुस्तकावर येणार होतं. त्यांनी चाळीस उपदेश सुवाच्य अक्षरात नव्या वहीत उतरवले. पण चोराच्या मनात चांदणं. त्यानंतर केरसुणीचा आवाज आला की भाऊंचं वाचन अडखळायला लागलं. खरं सांगावं तर पुस्तक गेलं, मंडळीतली पत गेली. न सांगावं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. भाऊंनी मूठ झाकलेलीच ठेवली.

हंगामाच्या सणाला पाळकसाहेब आले. वही त्याच दिवशी त्यांच्या हाती द्यायची होती. या मंडळीत सणाची एक रीत आहे. जो तो आपलं अर्पण मेजावर ठेवतो आणि ते कुठं पिकलं हे मोठ्यानं सांगतो. बिनशेतीचा माणूस शेजाऱ्याकडून मागून आणतो, पण नाव शेजाऱ्याचंच घेतो. देवापुढं परक्याचं रान आपलं म्हणायचं नाही, एवढीच त्यातली गोष्ट.

भाऊंना शेत नाही. दरवर्षीप्रमाणे त्यांनी ज्वारीच्या कणसांची पेंढी मेजावर ठेवली आणि सवयीनं म्हणाले, "आणलं म्या, पिकलं धुरपताबाईंच्या रानात."

म्हणाले आणि तिथंच थांबले. काखेत वही होती. पाळकसाहेबांनी हात पुढं केला, पण भाऊंनी वही त्यांच्या हातात न देता पेंढीशेजारी ठेवली.

"ही वही बी त्यांच्याच रानातली हाय," ते म्हणाले. "अकरा वर्सं म्या नाव घेतलं न्हाय. प्रभूनं दाखवलं म्हणायचो. दाखवलं धुरपतामावशींनी."

आता लोक काय म्हणतील म्हणून भाऊंनी मान खाली घातली. बोलल्या त्या सत्यभामाबाई, पलीकडच्या बाकावरच्या. "आमाला ठावं हाय की, भाऊ. तुमी सांगता, दूध उकळलं की लगीच विरजण घालावं. जल्मात एकदा तरी विरजण लावलेलं माणूस असं बोलंल व्हय? मावशींचं बोलनं आमी रोजच ऐकतो; पयल्याच दिशी कळलं, ही गोष्ट त्यांची, अन् मोडतोड तुमची. आमी पदराआड हसून घेतो."

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही. भाऊंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी धुरपताबाईंकडं पाहिलं. "मावशी, तुमी का बोलला न्हाईत?"

"कशाला बोलू? मला वाचता येत न्हाय. अकरा वर्सं दर शनवारी देवाचं वचन मला कुनी वाचून दावलं? लेकानं न्हाय, सुनंनं न्हाय. तुमीच. माज्या बोलन्याचं काय, केरासंगं भाईर गेलं असतं. तुमी त्ये लातूरपातुर नेलं. माजा जीव लई भरून यायचा."

भाऊंना राहवलं नाही. साठीचा माणूस सगळ्यांदेखत ढसाढसा रडला, आणि ते रडणं सुखाचं होतं. अकरा वर्षं ज्यांना आपण फसवतोय असं त्याला वाटत होतं, त्यांनी त्याला अकरा वर्षं सांभाळून घेतलं होतं.

पाळकसाहेबांनी धुरपताबाईंना पुढं बोलावलं. पदर नीट करून त्या पहिल्यांदाच मेजापाशी उभ्या राहिल्या.

"दूध निवू द्यावं," त्या म्हणाल्या. "बोट बुडवून बघावं. चटका बसला तर थांबावं. देव बी थांबतोय, माणूस निवंस्तवर." मग भाऊंकडं बघून म्हणाल्या, "हे आज निवले."

पहिल्या बाकावर बसलेल्या भाऊंनी वही मागून घेतली. वरच्या पानावर आपल्या नावाच्या जागी लिहिलं, 'आणलं बब्रुवाननं, पिकलं धुरपताबाईंच्या रानात.' आणि मग विरजणाचं पान काढून त्यातलं उकळतं दूध खोडलं.