कोरडे मुरमुरे

पंचायत समितीच्या हिशोब विभागात मी कारकून आहे. दुसऱ्यांची बिलं तपासणं हा माझा धंदा. कोणता खर्च कोणत्या सदराखाली घातलाय ते बघायचं, चुकीचा असला की शेरा मारून फाईल परत पाठवायची. सोनपेठला या कामात माझा दरारा आहे. ग्रामसेवक माझ्या टेबलाजवळ आले की आवाज खाली आणून बोलतात. मला ते आवडतं, कशाला लपवू?

अशा बाईची पोरगी पैशाच्या बाबतीत वेंधळी निघाली तर कसं चालेल? म्हणून माझी मुलगी तिसरीत गेली तेव्हापासून भाजीचा बाजार मी तिच्या हातात दिला. बाजारच्या दिवशी तिला पैसे द्यायचे, आठवड्याची भाजी तिनं आणायची, उरतील ते तिचे. पहिल्या खेपेला तिनं सगळ्या पैशांची बोरं आणि काकड्या आणल्या, आणि आम्ही आठवडाभर पिठलं खाल्लं. तिचे पप्पा म्हणाले, "राहू दे ना, लेकरू हाय." मी म्हटलं, लेकरू आहे म्हणूनच आत्ता शिकायचं. दोन-तीन महिन्यांत ती तयार झाली. दिवस कलला की भाव उतरतो, हे तिचं तिनं हेरलं. लिंबू घरच्या झाडाचं आहे म्हणून ते बाजारातून आणायचं नाही, एवढंच नाही, तर बाजूवालीला चार लिंबं देऊन तिच्याकडून कढीपत्ता आणायचा, इथवर तिची मजल गेली.

त्याच झाडाच्या लिंबांचं सरबत करून एकदा तिनं पप्पांना विकलं आणि मला कमाई दाखवायला आली. मी तिला समजावलं. पप्पांच्या खिशातून तुझ्या खिशात आले, घरातला पैसा घरातच फिरला. ती कमाई नाही. बाहेरचं माणूस पैसे देऊन घेऊन जातं, ती विक्री. तिनं मान डोलावली. पोरगी एकदा ऐकलेलं विसरत नाही, हे मला तेव्हा फार कौतुकाचं वाटायचं.

आम्ही सोनपेठपासून जवळच्याच एका गावात राहतो. आमची गल्ली विहाराच्या मागची. आम्ही बौद्ध आहोत, आजोबांच्या काळापासून. नवऱ्याचं सोनपेठला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. गावात कुणाची मोटार बसली की भर दुपारी याला फोन येतो. हा जातो, विहिरीत उतरतो, मोटार वर काढतो, भरतो, परत सोडतो. त्याच विहिरीचं पाणी गाव पितं. हे इथंच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना मला राग येतो आणि मग राहून जाईल.

मुलगी चौथीत असताना शाळेनं आनंद मेळावा ठेवला. पोरांनी घरून काहीबाही करून आणायचं, शाळेच्या मैदानात टेबल मांडून विकायचं, खर्च किती, नफा किती ते सरांना सांगायचं. सगळ्यात जास्त नफा ज्याचा, त्याला बक्षीस. मुलगी नाचतच घरी आली. काय विकायचं हे तिनं वाटेतच ठरवलं होतं, ते म्हणजे सुशीला. आमच्याकडं सकाळच्या खाण्याला मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर डाळ्याचं कूट घालून करतात ती. माझ्या हातची सुशीला चांगली होते. मुलीच्या वर्गात तिच्याशेजारी एक मैत्रीण बसायची, तिला तर ती इतकी आवडायची की डब्याला सुशीला असली की माझी मुलगी हटकून म्हणायची, "मम्मी, जास्तीची कर. तिला पण लागते." मीही वाढवूनच करायची.

बेत ऐकून नवरा जेवता जेवता थांबला.

"कोथिंबीर विकायला ठेव म्हणावं. न्हाईतर लिंबं. शिजवलेलं कशाला?"

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? तुला काय म्हाईत न्हाई?"

"शाळेचा कार्यक्रम हाय. लेकरं लेकरांचं खाणार. तुमी राहा तुमच्याच काळात."

त्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि हात धुवायला बाहेर गेला. मला त्याचा राग आला होता. एवढा शिकला-सवरलेला माणूस आधीच हार मानून बसतो, असं वाटलं.

मुलीनं मात्र सगळं नीट बसवलं. मुरमुरे, दाणे, कांदे, तेल, कागदी प्लेटा, सगळ्याचा भाव दुकानात जाऊन विचारून आली. गॅससुद्धा धरला. दहा रुपये प्लेट ठेवली तर काय सुटेल ते तोंडी सांगितलं. आणि एक अक्कल माझ्यापेक्षा जास्त लढवली. म्हणाली, "सगळी एकदम नको करू. आधी अर्धीच कर. संपली की तू घरी येऊन दुसरी कर. बाकीचे मुरमुरे कोरडेच टेबलाखाली ठेवू, भिजवले की मग ते परत करता येत न्हाईत." आमच्या कार्यालयात असा विचार करणारा एक माणूस असता तर निम्मी कामं वेळेत झाली असती.

मेळाव्याच्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढलं तसा वास मैदानभर गेला. मुलीनं केस चापून बांधले होते, कपाळावर घाम. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत होती. शेजारच्या टेबलावर भजी होती, पलीकडं एका पोराची भेळ, त्यापलीकडं गुलाबजाम. सगळीकडं झुंबड. आमच्या टेबलापाशी लोक येत, वाकून बघत, "वा वा" म्हणत आणि पुढं सरकत. दोन लहान पोरं नाणी घेऊन आलीही होती. त्यांना मागून कुणीतरी हाक मारली, तशी ती नाणी मुठीत धरून परत गेली.

मग ती मैत्रीण आली, तिच्या आईचा हात धरून. मुलीनं तिच्यासाठी प्लेट भरायलाच घेतली.

"अगं बाई, लय छान वास सुटलाय," मैत्रिणीची आई म्हणाली. बाई बोलायला गोड, माझ्याशीही नेहमी हसून बोलणारी. "पर आज माझा उपास हाय बघ."

"मग हिला देऊ का काकू?"

"हिचं पोट बिघडलंय कालपासून. नको." मग तिची नजर टेबलाखाली गेली. "ते कोरडे मुरमुरे हायत का? ते दे की. घरी चिवडा करायला होतेत."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. हे मुरमुरे आणि पातेल्यातले मुरमुरे एकाच पोत्यातले, एकाच दुकानातले. मधे फक्त आमचं पाणी होतं आणि माझा हात होता. मुलीनं क्षणभर वाट पाहिली, मग खाली वाकून मापानं मुरमुरे भरले, पिशवीत ओतले, नीट हिशोब करून पैसे घेतले आणि "थँक्यू काकू" म्हणाली. मैत्रीण सगळा वेळ स्वतःच्या चपलेकडं बघत उभी होती. थोड्या वेळानं ती मला भज्यांच्या टेबलापाशी दिसली, आमच्याकडं पाठ करून. पोट बिघडलेलं लेकरू मिरचीची भजी खात होतं. उपास असलेली आईही खात होती.

सर आले. त्यांनी दहाची नोट टेबलावर ठेवली. मुलगी प्लेट भरायला लागली तर म्हणाले, "नको नको, आत्ताच चहा झाला. तू घे हे, माझ्याकडून शाबासकी." आणि पाठीवर थोपटून गेले. त्या नोटेकडं बघून मला शिसारी आली. कुणी तोंडावर शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. शाबासकीला काय उलटून द्यायचं?

मधे नवरा दुकानातून येऊन गेला. फाटकातूनच त्यानं भरलेलं पातेलं बघितलं. गाडी वळवून गल्लीकडं गेला. थोड्या वेळानं आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून यायला लागली. दोन-दोन प्लेटा खाऊ लागली, "लय भारी झालीय" म्हणू लागली. बघता बघता पातेलं रिकामं झालं. मला हायसं वाटलं. पोरीचा मान राहिला, असं वाटलं. पोरगी नुसती प्लेटा भरत होती. तोवर नवराही परत येऊन माझ्याशेजारी बसला.

शेवटी सरांनी माईकवर सगळ्यांचा नफा वाचून दाखवला. भजीवाल्याला पहिलं बक्षीस. मग म्हणाले, "ज्यांचा माल कमी खपला त्यांनी नाराज व्हायचं नाही. धंद्यात गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते ओळखायला शिकायचं असतं." मी उठलेच होते. माईक हिसकावून विचारणार होते की तुम्ही नक्की काय शिकवताय इथं. नवऱ्यानं माझा हात दाबून धरला. "बस," तो म्हणाला. "उद्या तिला त्याच वर्गात बसायचंय." मी बसले. तो हात अजून तिथंच दाबून धरल्यासारखा वाटतो मला.

घरी आल्यावर मुलीनं ओसरीवर पैसे ओतले आणि दोन ढीग करायला लागली. मोठा ढीग आणि अगदीच लहान.

"हे काय करायलीस?" मी विचारलं.

"हे गल्लीतल्या काकांचे. पप्पांनीच पाठवलं त्यांना. घरातला पैसा घरातच फिरला, ती विक्री न्हाई." तिनं मोठा ढीग बाजूला सारला. लहान ढिगात कोरड्या मुरमुऱ्यांचे तेवढे पैसे होते. दहाची एक नोट मात्र तिच्या हातातच राहिली. "मम्मी, सरांचे कुठं धरू? ते बाहेरचे हायत. पर त्यांनी खाल्लं तर न्हाईच."

मी रोज चुकीची सदरं पकडणारी बाई. तेल धरलं होतं, गॅस धरला होता, प्लेटा धरल्या होत्या. हा खर्च कोणत्या सदराखाली धरायचा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी तिला शिकवलं नव्हतं. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला तरी कुणी मिळालं असतं.

त्यानंतर वर्षभर या विषयावर घरात कुणी बोललं नाही. मैत्रीण शाळेत मुलीच्या शेजारीच बसायची. मुलगी भाजीचा बाजार पहिल्यासारखाच करायची, उलट जास्त चोख. डब्याला सुशीला मात्र तिनं मागितली नाही. मीही विचारलं नाही. घाबरत होते म्हणा.

पाचवीत पुन्हा मेळावा जाहीर झाला. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की या वर्षी जायचंच नाही, आजारी आहे म्हणून कळवायचं. तिनं मला संधीच दिली नाही. दप्तर खुंटीला अडकवून म्हणाली, "मम्मी, या टायमाला मुरमुरेच विकायचे. कोरडे. पोतं आणायचं, पिशव्या भरायच्या, मेणबत्तीवर तोंड बंद करायचं. भिजवायचं न्हाई, फोडणी न्हाई, गॅस बी वाचतोय." जरा थांबून तिनं पुढं म्हटलं, "बंद पिशवी लोक घेतेत."

कोण लोक, हे तिनं सांगितलं नाही. नवरा चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला. मी तिला म्हणायला हवं होतं की नाही, सुशीलाच कर, पातेलंभर कर, सडली तरी चालेल. पण टेबलामागं मी उभी राहणार नव्हते, ती राहणार होती. मी मेणबत्ती काढून दिली.

पिशव्या दुपारच्या आतच संपल्या. गोड बोलणाऱ्या काकूंनी दोन घेतल्या. पहिलं बक्षीस माझ्या मुलीला मिळालं. सरांनी तिला जवळ घेऊन माईकवर सांगितलं, "मागच्या वर्षी ही मागं पडली होती. पण बघा, गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते हिनं बरोबर ओळखलं. चुकीतून शिकली." सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. मैत्रीण तर सगळ्यात जोरात वाजवत होती, आणि तिला खरंच आनंद झाला होता. मी हात मांडीवर ठेवून बसले. शेजारची बाई म्हणाली, "पोरीचं कौतुक न्हाई का ओ तुमाला?"

संध्याकाळी मुलीनं बक्षिसाचा कंपास कपाटात ठेवला. पोत्याच्या तळाशी थोडे मुरमुरे उरले होते, ते घेऊन स्वयंपाकघरात आली.

"मम्मी, आज सुशीला करतीस?"

वर्षभरानं तिनं ते नाव काढलं होतं. मी लगेच कांदे घेतले, मोठं पातेलं खाली काढलं. म्हटलं, "करते की. जास्तीची करू का? उद्या डब्याला होईल, तिला पण लागते."

तिनं मोठं पातेलं उचलून परत फळीवर ठेवलं आणि लहान काढलं.

"नको," ती म्हणाली. "घरच्यापुरतीच कर."