चाचांच्या जाळीची कल्हई

बाबांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत हातमोजे घालून बसले होते. "सलीमभाई गेले. सकाऊन चहा पेता पेता छातीत कळ आली, अन् मंगरूळच्या दवाखान्यात नेता नेता..." त्याला आता महिना होऊन गेला. शेलूबाजारचा एक कल्हईवाला तुझा कोण, असं पुण्यात लोक विचारतात, तेव्हा मला नीट सांगता येत नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. अकरावी-बारावीला असताना गावाकडची जीप भरेपर्यंत मी शेलूबाजारला सलीमचाचांच्या दुकानात पोत्यावर बसून अभ्यास करायचे. पितळी भांड्याला आतून कथलाचा थर, म्हणजे कल्हई, द्यायला त्यांना जेवढा वेळ लागे, त्याच्या चौपट ते भांडं घासण्यात घालवत. एकदा मी विचारलं, "थोडं घासायचं राहिलं तर काय होतं?" "तिथूनच सुटते बेटा कल्हई. मंग कढी नासते, अन् लोकं शिव्या मले देतात, गवळ्याले नाही."

पुढे मला कामही थर देण्याचंच मिळालं. शरीरात बसवायच्या नळ्यांना रक्त परकं समजतं आणि तिथे गोठू लागतं. ते गोठू नये म्हणून नळीला आतून पातळ थर द्यायचा. माझे पहिले थर सोलून निघायचे. मग मी आधी नळ्या स्वच्छ करण्यातच जास्त वेळ घालवू लागले आणि थर टिकले. हे फोनवर सांगितलं, तर चाचा बाजारभर सांगत सुटले, "पोरगी पुन्यात कल्हई करून राह्यली. रक्त नासू नाही म्हनून!"

गेल्या वर्षी अकोल्याला चाचांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. दिवाळीत भेटायला गेले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे दंडावर निळे डाग पडले होते.

"त्या जाळीले तुयी ते कल्हई हाय ना?"

"आहे चाचा. औषधाचा थर असतो."

"पक्की?"

"पक्की."

"मंग दवाई कायले? कल्हई केल्यावर कोनी कढीत दवा टाकते का?"

मी हसले. चाचीही हसल्या. हसल्याचं मला स्पष्ट आठवतं. पण जाळीवर थर असला तरी शरीर तिला आपलं म्हणेपर्यंत गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नसतात, हे मी त्यांना सांगितलं का? सांगितलं असेन. हे मला माहीत होतं, मग न सांगता कशी उठेन? पण तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न दिला होता... मी पिशवी उचलताना काहीतरी बोलले होते. काय, ते आठवत नाही.

मागच्या आठवड्यात चाचींना भेटले. धीर करून गोळ्यांचं विचारलं. "घेत होते म्हने. म्या कुठं पाह्यलं? डब्बी त्यायच्याच खिशात राहे." कपडे वाटून टाकले, त्यात डब्बीही गेली. ओळखीचे डॉक्टर म्हणतात, गोळ्या घेऊनही असं होऊ शकतं. यावर विश्वास ठेवायची मला इतकी इच्छा आहे की तो ठेवायची भीती वाटते.

तेवढ्यात एक बाई पितळी पातेलं न्यायला आली. चाचांच्या हातचं ते शेवटचं काम. चाचींनी पातेलं तिच्या हातात दिलं, पण कड सोडली नाही.

"कोरडं आगीवर ठेवू नोको, कल्हई वितळते. काय सांगतलं म्या?"

"मालूम आहे न चाची!"

"मालूम असन. त्यायचा कायदा होता. बोलून दाखव, मंग ने."

बाईने हसत हसत पुन्हा म्हणून दाखवलं. मग चाचींनी कड सोडली.

मी तिथेच बसून राहिले. त्या दिवशी मी काय सांगितलं, ते मला अजूनही आठवत नाही. पण मी चाचांना ते बोलून दाखवायला लावलं नव्हतं.