गुलिझारमावशीचे चामडी मोजे

जर्मनीतल्या ड्युइसबुर्गच्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात गुलिझारमावशीनं एकतीस वर्षं चादरी धुतल्या, आणि एकतीस वर्षं दुपारच्या नमाजापूर्वी एकेक पाय उचलून बेसिनात धुतला. वय बासष्ट, पण ऐट बाविशीची! त्या सोमवारी उजवा पाय वर गेला तो वरच राहिला. कमरेत अशी उसण भरली की बाई बगळ्यासारखी एका पायावर उभी.

देखरेखीवरच्या ब्रिंकमानबाईंनी काखेत हात घालून तिला सोडवलं. "उद्यापासून बेसिनात पाय बंद! खुबा मोडलात तर या चादरी काय मी धुऊ?"

आता हात-तोंड-पाय धुऊन वजू नाही तर नमाज कसला? मावशीनं मशिदीतल्या तरुण होजाला, म्हणजे इमामाला, गाठलं. "पाय धुण्याऐवजी साध्या मोज्यांवरून ओला हात फिरवला तर?"

"काही विद्वान जाड मोजे चालवून घेतात. पण तुमच्या मनाला ते पटायचं नाही. चामडी मोजे घ्या. पहाटे घरी पाय धुऊन चढवायचे, मग दुपारी वरून ओली बोटं फिरवली की झालं."

"अगं बाई! ते म्हाताऱ्या घालतात! मी काय थेरडी झाले?"

"मावशी, बेसिनात कोण अडकलं होतं?"

"होजा आहेस म्हणून सोडते, नाहीतर कानच उपटला असता!"

चार दिवस दुपारचा नमाज घरी जाऊन भरून काढला. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडावासा वाटेना. रोज दुपारी अल्लाहपुढे उभी राहणारी बाई आता संध्याकाळी त्याला सबबी सांगत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी ती ओळखीच्या दुर्मुशच्या चपलांच्या दुकानात गेली. "सासूबाईंना चामडी मोजे हवेत. माझ्याच मापाचे."

सासूबाई जाऊन वीस वर्षं झालेली, जनाज्याला खांदा दुर्मुशनंच दिलेला. पठ्ठ्या एवढंच म्हणाला, "काळे आवडतील त्यांना, की तपकिरी?"

सोमवारी वजू चुटकीसरशी आटोपला. एरवी पायमोजे काढा, पाय धुवा, पुसा, यात निम्मी सुट्टी जायची आणि नमाज घड्याळाकडे डोळा ठेवून उरकायचा. आज शेवटचा सलाम फेरून नमाज संपवला नि पाहिलं, तर सुट्टीची अकरा मिनिटं शिल्लक! मावशी तशीच बसून राहिली. अल्लाहला गुडघ्यांचं सांगितलं, फोन न करणाऱ्या लेकाचं सांगितलं. डोळे भरून वाहायला लागले.

ब्रिंकमानबाईंनी दारातून डोकावलं. "काय झालं? पुन्हा अडकलात?"

"नाही हो," मावशी म्हणाली. "वेळ उरलाय."